लेकीच्या फाइली कुणाच्या फोनमध्ये आहेत?

आज आम्ही कागदांबद्दल बोलणार आहोत, पण ट्रंकेतल्या कागदांबद्दल नव्हे. ते आपण जपतोच. सातबारा, रेशन कार्ड, लेकीचा शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ आणि वर साड्यांची घडी. पावसात पत्रा गळायला लागला तर आधी ती पिशवी उचलायची, हे घरातल्या लहान लेकरालाही माहीत असतं. आज बोलायचं ते हाताला न लागणाऱ्या कागदांबद्दल. फोनमध्ये, कॉम्प्युटरमध्ये, पेन ड्राइव्हमध्ये असतात ते. त्यांना फाइल म्हणतात. फोटो ही फाइल, दाखल्याचं स्कॅन ही फाइल, कॉलेजात द्यायचा प्रकल्प टाइप केला तर तीही फाइल. आणि अशा पुष्कळ फाइली एका नावाखाली ठेवायच्या कप्प्याला फोल्डर म्हणतात.

आपल्या मानवत तालुक्यातली कॉलेजला जाणारी कोणतीही मुलगी डोळ्यांपुढे आणा. कोल्ह्याची असो, रामपुरीची, केकरजवळ्याची नाहीतर ताडबोरगावची. एसटीनं मानवतला येते, कुणी पुढे परभणीला जाते. घरी कॉम्प्युटर नाही. प्रकल्प टाइप करते ती नेट कॅफेवर. दाखले स्कॅन होतात झेरॉक्सच्या दुकानात. ते येतात वडिलांच्या नाहीतर भावाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. काही पेन ड्राइव्हमध्ये राहतं, काही मैत्रिणीच्या फोनमध्ये. म्हणजे एका मुलीचे कागद पाच ठिकाणी, आणि त्या पाचांपैकी एकही जागा तिची नाही.

शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची शेवटची तारीख आली की ही विखुरलेली घडी उलगडायला लागते. भाऊ शेतात आहे, फोन त्याच्याकडे. दुकानदारानं कॉम्प्युटर नवा घेतला, जुन्यातलं गेलं. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता, आता दाबलं तर उघडत नाही. आणि आपल्याकडे घरात कुणीतरी आधीच म्हणत असतं की, आता पुरे झालं शिक्षण. एक अर्ज राहिला, एक प्रकल्प वेळेत गेला नाही, की त्या म्हणण्याला जोर येतो. म्हणून हा विषय फक्त कॉम्प्युटर शिकलेल्यांचा नाही. आपल्यातल्या कितीतरी जणी स्वतःही विद्यार्थिनी आहेत. कुणी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी करते आहे, कुणी लेकीच्या बरोबरीनं एमएससीआयटीला बसते आहे. हा कोर्स महाराष्ट्रात २००१ साली सुरू झाला. माउस कसा धरायचा ते त्यात कळतं. पण शिकलेलं, टाइप केलेलं पुढची पाच वर्षं कसं सांभाळायचं, त्याची सवय क्लासमध्ये लागत नाही. ती घरीच लावावी लागते.

सगळ्यात आधी खात्याचं बघा. गूगलचं ईमेल खातं म्हणजे जीमेल. त्या एका खात्यासोबत १५ जीबी जागा फुकट मिळते. तीत ईमेल, गूगल ड्राइव्ह आणि गूगल फोटोज हे तिघेही राहतात. ड्राइव्ह म्हणजे आपली कुलूपबंद खोली समजा. ती कुठल्याही फोनवरून, कुठल्याही कॉम्प्युटरवरून उघडते, फक्त किल्ली पाहिजे. किल्ली म्हणजे पासवर्ड, आणि किल्ली हरवली तर ओळख पटवायला लागतो तो मोबाइल नंबर.

आता विचारा लेकीला, तुझं खातं कुणी काढून दिलं? पुष्कळदा उत्तर येतं, कॅफेवाल्या दादांनी. अर्ज भरायची घाई होती, त्यांनीच नाव टाकलं, त्यांनीच पासवर्ड ठरवला, नंबरही कधी कधी त्यांचाच. दादा चांगले असतील, आमचं त्यांच्याविषयी काही म्हणणं नाही. पण घर आपलं आणि किल्ली शेजारच्या गावात, असं कुणी ठेवतं का? दुसरा प्रकार असा की नंबर भावाचा होता, त्यानं सिम बदललं. रिचार्ज न केलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी बंद करते आणि पुढे तो दुसऱ्याच कुणाला देऊन टाकते. मग पासवर्ड विसरला तर ओटीपी जाणार कुणाकडे?

म्हणून खातं मुलीचं, पासवर्ड मुलीचा, नंबर शक्यतो तिचा. तिच्याकडे फोन नसेल तर आईचा नंबर द्या, कारण आई सहसा नंबर बदलत नाही. पासवर्ड वहीत लिहून ट्रंकेत ठेवा. कुठेही लिहू नये असं शहरातले जाणकार सांगतात, ते ऑफिसात बसणाऱ्याला ठीक आहे. ज्या घरात एक फोन चौघं वापरतात तिथे विसरण्याचा धोका चोरीपेक्षा मोठा, असं आमचं मत आहे. त्याच वहीत आणखी एक गोष्ट उतरवून ठेवता येते. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावली की गूगल आठ-आठ आकड्यांचे दहा कोड देतं. फोन हरवला, रेंज नाही, ओटीपी येत नाही, अशा वेळी त्यातला एक कोड घातला की दार उघडतं. एक कोड एकदाच चालतो. वापरला की वहीत त्यावर काट मारायची.

आणखी एक. दोन वर्षं खातं उघडलंच नाही तर गूगल ते पुसून टाकू शकतं. बारावीनंतर लग्न झालं, लेकरू झालं, मग पुन्हा शिकायचं मनात आलं, तोवर दोन वर्षं कशी गेली कळत नाही. म्हणून सणासुदीला माहेरी आली की तिला खातं एकदा उघडायला लावा.

आता ती खोली लावायची कशी? गहू, हरभरा, तूर, हळद एकाच पोत्यात टाकून कुणी ठेवत नाही. पण फोनमध्ये आपण तेच करतो. कॅमेऱ्यातले फोटो, लग्नाचे व्हिडिओ, गुड मॉर्निंगची फुलं आणि त्यातच जातीचा दाखला. कॅफेच्या कॉम्प्युटरवर तर ‘न्यू फोल्डर’, मग ‘न्यू फोल्डर दोन’, त्यात ‘प्रोजेक्ट’, ‘प्रोजेक्ट फायनल’, ‘प्रोजेक्ट खरं फायनल’. सहा महिन्यांनी त्यातलं खरं कोणतं, हे जिनं लिहिलं तिलाही सांगता येत नाही.

ड्राइव्हमध्ये दोनच मोठे फोल्डर पुरतात. एक ‘कागदपत्रं’, दुसरा ‘अभ्यास’. कागदपत्रांत आधार, जात, उत्पन्न, रहिवास, गुणपत्रिका, बँकेचं पासबुक, सही आणि फोटो. अभ्यासात वर्षाचा फोल्डर, वर्षात विषयाचा. याहून खोल जाऊ नका. सात दारं उघडून एक वही काढायची झाली तर कुणीच नीट ठेवणार नाही, मग सगळं पुन्हा बाहेरच्या ओसरीत पडतं.

फाइलीच्या नावाला मात्र वेळ द्या. आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, मग विषय. ‘२०२५-०७-१४-इतिहास-प्रकल्प’. वर्ष पुढे घेतलं की कॉम्प्युटर आपोआप जुनं वर आणि नवं खाली, नाहीतर उलट, असं ओळीनं लावून देतो. आपण रोज लिहितो तशी तारीख, म्हणजे दिवस आधी, घातली तर जुलैची १४ आणि मार्चची १४ शेजारी येऊन बसतात. प्रकल्पात सुधारणा केली तर ‘फायनल’ लिहू नका. नवी तारीख घालून नवी फाइल करा, जुनी राहू द्या. पोर्टलवर चढवायच्या फाइलीचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि छोटं ठेवा, मधे मोकळी जागा न सोडता आडवी रेघ द्या. काही पोर्टल देवनागरी नाव घेत नाहीत.

उत्पन्नाच्या दाखल्याच्या नावात तो कुठल्या वर्षापर्यंत चालतो तेही लिहा. म्हणजे जुनाच दाखला चढवून अर्ज परत आला, असं होणार नाही. आणि दाखल्याच्या दोन फाइली ठेवा. एक मोठी, स्वच्छ, अक्षर न अक्षर वाचता येणारी. दुसरी लहान केलेली, कारण अर्जाच्या पोर्टलवर फाइल ठरावीक केबीच्या आतच लागते. दुकानदार मोठी लहान करून देतो आणि मोठी टाकून देतो. मग पुढच्या वर्षी दुसऱ्या अर्जाला त्या लहानाचं आणखी लहान केलं जातं आणि शिक्का दिसेनासा होतो. लहानाचं पुन्हा मोठं करता येत नाही. दूध आटवता येतं, आटवलेल्याचं पुन्हा ताजं दूध होत नाही, तसंच ते.

नीट नाव देऊन ठेवल्यानं काय होतं याचं एक मोठं उदाहरण आपल्या बायकांच्याच गाण्यांचं आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी, आणि त्यांच्यासोबत गावोगावच्या कार्यकर्त्यांनी, जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक हजाराहून जास्त गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. १९९६ साली ही मंडळी माजलगावलाही आली होती. पाथरीच्या पुढे गोदावरी ओलांडली की माजलगाव, म्हणजे आपल्या शेजारचंच. तिथल्या भीमनगरच्या बायकांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या, त्या ध्वनिमुद्रित झाल्या. गोळा करणारे दोघंही आज हयात नाहीत. गाणाऱ्याही कितीतरी गेल्या. पण प्रत्येक ओवीसोबत कुणी गायली, कुठल्या गावात गायली, कशाबद्दल आहे, हे नोंदवून ठेवलं होतं. म्हणून २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या एकेक करून सगळ्यांपुढे येऊ शकल्या. नुसता आवाज ठेवला असता, नाव-गाव लिहिलंच नसतं, तर एक लाख ओव्यांत आपल्या आजीची ओवी शोधणार कशी? कापसाच्या गंजीत सुई शोधण्यातलाच प्रकार झाला असता.

आता दुसऱ्या प्रतीचं. बियाणं पूर्वी घरीच राखायचे तेव्हा सगळं एका कणगीत कुणी ठेवत नसे. थोडं माडीवर, थोडं मडक्यात राख घालून, थोडं भावकीत. फाइलीचंही तसंच असतं. पीटर क्रोघ नावाच्या एका अमेरिकन छायाचित्रकारानं आपले फोटो सांभाळताना जो नियम सांगितला तो आता जगभर वापरतात. एकूण प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. आपल्या मुलीच्या बाबतीत याचा अर्थ असा की एक प्रत फोनमध्ये, एक पेन ड्राइव्हमध्ये, एक गूगल ड्राइव्हवर. ड्राइव्हवरची प्रत आपल्या घरात नसते. घरात पाणी शिरलं, आग लागली, फोन विहिरीत पडला, तरी ती राहते. आग फक्त आपल्याच घरात लागते असंही नाही. २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली तेव्हा माणसंही गेली आणि सरकारी फाइलींचे ढीगही जळाले. ज्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती, तो कागद तिथेच संपला.

प्रत ठेवली म्हणजे काम झालं, असंही समजू नका. हे सांगायला एक गोष्ट आहे आणि तीत एक लेकुरवाळी बाई आहे. १९९८ साली अमेरिकेत ‘टॉय स्टोरी २’ नावाच्या लहान मुलांच्या सिनेमाचं काम चाललं होतं. खेळण्यांची गोष्ट, सगळं कॉम्प्युटरवर काढलेलं. कुणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि बघता बघता सिनेमाच्या फाइली पुसल्या जायला लागल्या. लोक म्हणाले, घाबरू नका, आपण रोज प्रत ठेवतो. ती प्रत उघडून बघितली तर ती नीट होतच नव्हती, आणि इतके दिवस कुणी उघडून बघितलंच नव्हतं. त्या सिनेमावर गेलिन सुसमन नावाची तंत्रज्ञ बाई काम करत होती. तिला लेकरू झालेलं, म्हणून ती घरून काम करायची आणि त्यासाठी तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर सिनेमाची एक प्रत होती. तो कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळल्यासारखा पांघरुणात गुंडाळून गाडीतून हळूहळू आणला आणि त्यावरून पुढचं काम उभं राहिलं. १९९९ ला सिनेमा लागला.

त्या बाईच्या घरची प्रत कामी आली ती योगायोगानं. आपल्याला योगायोगावर सोडायचं नाही. महिन्यातून एकदा लेकीला म्हणायचं, दाखव उघडून. पेन ड्राइव्ह दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला लाव आणि तीन फाइली उघड. ड्राइव्ह तुझ्या नव्हे, माझ्या फोनवर उघड. आईला इंग्रजी वाचता येत नसलं तरी फाइल उघडली की नाही एवढं डोळ्यांना दिसतंच.

गूगल फोटोजच्या बाबतीत एक घोळ फार होतो. फोटो वर चढले म्हणजे दुसरी प्रत झाली, असं मानून मुली फोटोज अ‍ॅपमधूनच फोटो पुसतात, फोनमध्ये जागा व्हावी म्हणून. पण तिथून पुसलं की फोनमधूनही जातं आणि वरूनही जातं. दोन्हीकडे आरसाच लावलेला असतो. फक्त फोनमधलं काढायचं असेल तर त्या अ‍ॅपमध्ये जागा मोकळी करण्याचा वेगळा पर्याय आहे, तोच वापरायचा. चुकून पुसलंच तर ताबडतोब कचरापेटीत बघा. वर चढलेला फोटो तिथे ६० दिवस राहतो. ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल ३० दिवस राहते. नंतर मात्र ती गेली ती गेली.

१५ जीबी पुरतात का, असंही बऱ्याच जणी विचारतात. अभ्यासाला भरपूर पुरतात. नुसतं टाइप केलेलं दहा पानांचं काम एका फोटोपेक्षाही लहान असतं. फोनवर काढलेला एक फोटो तीन एमबीचा धरला तरी पाच हजार फोटो मावतात. जागा खातात ते व्हिडिओ. हळदीचे, वरातीचे, भाच्याच्या बारशाचे. जागा भरली की नव्या फाइली तर चढत नाहीतच, जीमेलवर नवी पत्रं येणंही थांबतं. परीक्षेच्या फॉर्मचं कॉलेजनं पाठवलेलं पत्र आलंच नाही, कारण वरातीचा व्हिडिओ जागा अडवून बसला होता, असं होऊ शकतं. म्हणून अभ्यासाचं खातं वेगळं आणि घरच्या फोटोंचं वेगळं ठेवलेलं बरं.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलं म्हणजे मिळालं, ठेवलं, ही समजूत आता सोडा. व्हॉट्सअ‍ॅप हा पोस्टमन आहे, तो कपाट नव्हे. आलेली फाइल फोनमधून पुसली गेली तर बऱ्याच दिवसांनी ती पुन्हा उतरवता येत नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा मागावी लागते. आलेला दाखला त्याच दिवशी ड्राइव्हमध्ये टाकायचा. दुसरं असं की, दाखल्याचा फोटो साध्या फोटोसारखा पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं. पाठवताना ‘डॉक्युमेंट’ निवडलं की तो आहे तसा जातो. दुकानदाराला हे सांगून बघा, त्यालाही जड नाही.

पेन ड्राइव्ह चांगली वस्तू आहे, चार-पाचशेच्या आत चारही वर्षांचा अभ्यास मावतो. पण ती एकटीच असू नये. कॅफेवर दिवसाला पन्नास पेन ड्राइव्ह लागतात, एकीतला व्हायरस सगळ्यांत जातो. आपल्याकडे नेहमी दिसतो तो प्रकार असा: पेन ड्राइव्ह उघडली की फाइली गायब आणि त्यांच्या जागी बाण असलेली चित्रं. मुलगी रडकुंडीला येते, दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारू. मारू देऊ नका. त्या व्हायरसमध्ये फाइली बहुतेक वेळा गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. त्या बाणांच्या चित्रांवर दाबायचं नाही, जाणकाराकडून लपलेल्या फाइली दाखवून घ्यायच्या, दुसरीकडे उतरवायच्या आणि मगच फॉरमॅट. काढतानाही ओढून काढू नका, कॉम्प्युटरला ‘इजेक्ट’ सांगून काढा. लिहिणं अर्धवट असताना ओढली तर फाइल बिघडते.

कॅफेवरून उठताना दोन मिनिटं जास्त बसा. आपण उतरवलेलं आधार कार्ड ‘डाउनलोड’मध्ये तसंच पडलेलं असतं, ते पुसा, रिसायकल बिनमधूनही पुसा. जीमेलमधून आणि व्हॉट्सअ‍ॅप वेबमधून बाहेर या. नाहीतर पुढचं गिऱ्हाईक आपल्याच मेल उघडून बसलेलं असेल. आपल्या मुलींचे फोटो त्यात असतात, एवढं सांगितलं तरी पुरे.

लाइटचंही भान ठेवायला हवं. लाइट गेली की कॉम्प्युटर बंद आणि शेवटचं जपलेलं सोडून बाकी सगळं गेलं. दर दहा मिनिटांनी कंट्रोल दाबून एस दाबायची सवय बोटांना लागली पाहिजे. त्यापेक्षा सोपं म्हणजे गूगल डॉक्समध्ये लिहायचं. ते लिहिता लिहिताच वर साठत जातं, कालचं-परवाचं रूपही परत बघता येतं, आणि फोनवरही पुढे लिहिता येतं. काही मुली पूर्ण प्रकल्प फोनवर बोलून लिहितात आणि कॅफेवर फक्त छपाईला जातात. आम्हाला ही युक्ती फार आवडली. कॅफेचा ताशी खर्चही वाचतो.

मराठीतून लिहिणाऱ्या मुलींची आणखी एक अडचण असते, तिच्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. कॅफेवर, टायपिंगच्या क्लासमध्ये अजून कृतीदेव, श्रीलिपी असे जुने फॉन्ट चालतात. त्यांत कॉम्प्युटरच्या पोटात खरं मराठी अक्षर नसतंच. इंग्रजी अक्षर असतं आणि वर मराठीचा मुखवटा. मुखवटा, म्हणजे तो फॉन्ट, दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसेल तर चाळीस पानांचा प्रकल्प इंग्रजी अक्षरांचा खिचडा होऊन समोर येतो. फाइल आहे, प्रतीही तीन आहेत, पण वाचता एकही येत नाही. म्हणून टाइप करून देणाऱ्याला आधीच सांगायचं, युनिकोडमध्ये करा. युनिकोड म्हणजे खरं मराठी अक्षर. ते फोनवर, दुसऱ्या कॉम्प्युटरवर, कुठेही मराठीच दिसतं. फोनवर आपण जे मराठी लिहितो ते युनिकोडच असतं. जुन्या फॉन्टमधलं काम झालंच असेल तर त्याची पीडीएफ करून घ्या. पीडीएफ म्हणजे छापल्यासारखी गोठवलेली प्रत, ती सहसा बदलत नाही. पण तीत दुरुस्ती करणं अवघड, म्हणून लिहिता येणारी मूळ फाइलही मागून घ्या. पैसे आपण दिलेत, मूळ फाइल आपली आहे. पीडीएफ देऊन मूळ स्वतःकडे ठेवणारे भेटतात, कारण दुरुस्तीला पुन्हा पैसे मिळतात.

दाखल्यांसाठी सरकारची डिजीलॉकर ही सोय आहे, २०१५ पासूनची. आधारला जोडलेला मोबाइल नंबर लागतो, म्हणून पुन्हा तेच, तो नंबर कुणाचा आहे ते बघा. डिजीलॉकरमध्ये दोन कप्पे आहेत आणि त्यांतला फरक महत्त्वाचा. एकात खुद्द बोर्डानं किंवा खात्यानं दिलेले कागद येतात, दहावी-बारावीची गुणपत्रिका तशी मिळते. २०१७ च्या नियमानुसार ते मूळ कागदाच्या बरोबरीचे. दुसऱ्या कप्प्यात आपण स्वतः काढलेले फोटो, स्कॅन चढवतो. ते नुसतेच आपले फोटो, त्यांना मूळ कागदाचा मान नाही. म्हणून डिजीलॉकरमध्ये फोटो टाकला आणि ट्रंकेतला दाखला लॅमिनेशनला दिला, नाहीतर निष्काळजीपणे कुठे ठेवला, असं करू नका.

आता गटाचं बघू. प्रत्येक घरानं एकट्यानं हे करणं जड जातं. महिन्याची बैठक होतेच, बचत जमा होते, वही लिहिली जाते. त्याच दिवशी कॉलेजच्या मुलींना वीस मिनिटं बोलवा. ज्या मुलीला येतं तिनं बाकीच्यांना दाखवायचं. पहिल्या महिन्यात फक्त खातं कुणाच्या नंबरावर आहे एवढंच तपासा, नंबर चुकीचा असेल तर बदला. दुसऱ्या महिन्यात दाखले वर चढवा. तिसऱ्यात एकमेकींच्या पेन ड्राइव्ह उघडून बघा. त्या निमित्तानं गटाच्या वहीची पानंही फोटो काढून ठेवता येतील, कर्जाच्या नोंदींवरून भांडणं होतात तेव्हा लागतात. पण ते गटाच्या खात्यात ठेवा, अध्यक्षबाईंच्या खासगी फोनमध्ये नको.

लग्न ठरलेल्या मुलीचं काम मात्र बैठकीची वाट न बघता करा. दाखले वडिलांच्या फोनमध्ये, अभ्यास भावाच्या पेन ड्राइव्हमध्ये, आणि ती सासरी. तिकडे जाऊन ती पुढची परीक्षा द्यायचं म्हणेल तेव्हा प्रत्येक कागदाला माहेरी फोन करावा लागेल, आणि फोन उचलणारा दर वेळी मोकळा असेलच असं नाही. हळदीच्या आधी एक दुपार काढा. सगळं तिच्या खात्यात, खातं तिच्या नंबरावर, नंबराचं सिम तिच्या नावावर. एक पेन ड्राइव्ह तिच्या पेटीत, तिची दुसरी प्रत तुमच्या ट्रंकेत. पेन ड्राइव्हला दोरा बांधून त्यावर तिचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. पुढच्या वर्षी धाकटीची पेन ड्राइव्हही त्याच पिशवीत येणार आहे.